सोमवारचा काटा

त्या सोमवारी नऊ जण आले. एक नवीन, आठ जुने. आठही जणांचं वजन वाढलेलं आणि बहुतेकांकडे त्याचं कारण तयार. संशय यायला हवा होता तो इथेच. आला नाही, कारण माझ्याकडेही एक कारण होतंच: सोमवार. शनिवार-रविवारी जेवणाच्या वेळा हलतात, मीठ जास्त जातं, मीठ पाणी धरून ठेवतं, सोमवारी काटा वर दिसतो. चौदा वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम केल्यावर हे वाक्य झोपेतही म्हणता येतं.

आमच्याकडे वजन करणं हा एक विधीच आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. चपला बाहेर. खिसे रिकामे, मोबाइल, किल्ल्या, पाकीट मिळून अर्धा किलो सहज होतो. हात भिंतीला टेकवायचा नाही, नजर समोर, आकडा थांबेपर्यंत हलायचं नाही. दर वेळी साधारण तीच वेळ. मग कंबर. हे काम मी कुणाला देत नाही, कारण दहातले आठ जण टेप बेंबीवर लावतात. जागा बेंबीची नाही. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड दोन्ही बोटांनी चाचपायची, त्यांच्या बरोबर मध्यावर टेप. सगळीकडून जमिनीला समांतर, कातडीला लागलेली पण रुतलेली नाही. माणूस नेमका त्याच वेळी श्वास आत घेऊन थांबतो. म्हणून मी काहीतरी विचारते, तो बोलायला लागतो, श्वास आपसूक सुटतो, आणि त्या क्षणी आकडा वाचायचा. शेजारच्या इमारतीत एक जण शरीराचं ‘वय’ सांगणारं मशिन घेऊन बसलाय. पायांतून बारीक विजेचा प्रवाह सोडायचा आणि त्याच्या अडथळ्यावरून चरबीचा अंदाज बांधायचा. दोन ग्लास पाणी प्यायल्यावर किंवा व्यायाम करून आल्यावर तो अंदाज हलतो, हे तो कुणाला सांगत नाही. असो.

पहिले आले ते निवृत्त शिक्षक. मागच्या वेळी ८२.६, आज ८३.८. काट्यावरून उतरायच्या आधीच म्हणाले, “चार दिवस चालायला गेलो नाही, मॅडम. गुडघा दुखत होता, पण खरं म्हणजे आळस.” मी त्यांना पाण्याचं समजावलं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, त्यामुळे साठा रिकामा झाला की किलो-दोन किलो झटकन उतरतात आणि भरला की तितक्याच झटकन परत येतात. पहिल्या आठवड्यात सगळे खूश असतात ते बरंचसं या पाण्याच्या जिवावर. ‘आठवड्यात पाच किलो’च्या जाहिराती चालतात त्यासुद्धा याच पाण्यावर. गुरुजींनी मान डोलावली, पण चेहरा वर्गात उभं केलेल्या मुलासारखाच राहिला.

नंतर तो सॉफ्टवेअरवाला मुलगा. १०४.३ वरून १०५.७. तो काट्यावर उभा राहूनच कबुलीजबाब द्यायला लागला: रात्री दोन वाजता फ्रीज उघडतो, दोन आठवड्यांत तीन वेळा झालं, बायकोला माहीत नाही. इथे तरी मी आकडेमोड करायला हवी होती. किलोभर चरबीमागे ७,७०० किलोकॅलरी हा ढोबळ हिशेब १९५८ सालापासून चालत आलाय. तो पुरता बरोबर नाही, पण अंदाजाला चालतो. त्या हिशेबाने १.४ किलो चरबी म्हणजे गरजेपेक्षा सुमारे अकरा हजार किलोकॅलरी जास्त. तीन रात्रींत फ्रीजमधल्या डब्यांसकट गिळलं तरच जमेल. मी मात्र मान हलवली आणि फाइलमध्ये लिहिलं, ‘रात्रीचं खाणं’. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू होतं. माणसाला शिक्षा मिळाली की हिशेब लागल्यासारखा वाटतो.

साडेअकराला सिस्टर आल्या. मोठ्या रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या. अकरा महिन्यांपूर्वी ८९.४ होत्या. त्यांना आमच्याकडे पाठवणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोनच शब्द लिहिले होते, ‘वजन घटवा’, जसं काही ती गोळी आहे आणि मी औषधाचं दुकान. पहिले नऊ-साडेनऊ महिने छान उतार. मग थांबलं. गेले सात आठवडे ७७.८ ते ७८.२, पुढे-मागे, पुढे-मागे. अशा मुक्कामाला आलेल्या माणसाला धरून ठेवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम. सुरुवातीला कुणालाही उत्साह लागत नाही, काटाच तो पुरवतो. खरी गरज लागते ती काटा पुरवायचा थांबतो तेव्हा.

त्या उभ्या राहिल्या. ७८.४. मागच्या वेळेपेक्षा अर्धा किलो जास्त.

त्या काहीच बोलल्या नाहीत. तोपर्यंत आलेल्यांत त्या एकट्याच अशा, ज्यांनी स्वतःची चूक पुढे केली नाही. खुर्चीत बसल्यावर म्हणाल्या, “या पंधरा दिवसांत माझं काहीही चुकलेलं नाही, मॅडम. हेच कारण आहे.”

मी नेहमीचं सुरू केलं. शरीर लहान झालं की त्याचा खर्चही कमी होतो. शिवाय तो वजनाच्या मानाने अपेक्षेपेक्षाही जरा जास्त घटतो, भूक मात्र वाढते. चरबी कमी झाली की लेप्टिनही कमी होतं आणि मेंदूला वाटतं उपासमार चाललीय. हे संप्रेरक १९९४ मध्येच सापडलं, त्याआधी आपण सगळा दोष इच्छाशक्तीवर टाकत होतो. २०१६ चा तो अमेरिकेतला अभ्यास मी सहसा कुणाला सांगत नाही. वजन घटवण्याच्या टीव्ही-स्पर्धेतले १४ जण सहा वर्षांनी तपासले, तर त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी कमी जाळत होतं. खचलेल्या माणसासमोर हा आकडा ठेवू नये. त्यांच्यासमोर ठेवला. त्या नर्स आहेत, त्यांना खरं सांगावं, असं वाटलं. मग पुन्हा मीठ, पाणी, रात्रपाळी.

“मी रोज पेशंटचं इनटेक-आउटपुट मिलिलिटरमध्ये लिहिते,” त्या म्हणाल्या. “मला पाणी नका समजावू.”

मी टेप घेतली. महिन्यापूर्वी कंबर ९४.५ होती. बरगडी, हाड, मध्य. रात्रपाळी कधी संपली विचारलं, श्वास सुटला, वाचलं: ९२.५.

इथे मला थांबायला हवं होतं. वजन अर्धा किलो वर आणि कंबर दोन सेंटीमीटर खाली. वजनाचा काटा म्हणजे सगळं नव्हे, टेपवर विश्वास ठेवा, हे मी दिवसातून दहा वेळा सांगते. आमच्या भिंतीवर तसा कागदही चिकटवलाय, माझ्याच अक्षरात. पण त्या क्षणी मला वाटलं ते असं: टेप जरा ओढली गेली असणार. मी ती काढली आणि पुन्हा लावली. जरा सैल. अगदी जरा. ९३.५. तेच लिहिलं. काट्याशी निदान भांडण तरी नाही असा आकडा.

“एक सेंटीमीटर कमी आहे, सिस्टर. बघा, चाललंय काम.”

“बस झालं, मॅडम,” त्या म्हणाल्या. रागाने नाही. पाळी संपल्यावर गणवेश उतरवताना म्हणावं तसं. पुढची वेळ न घेता गेल्या. नाउमेद माणूस रागावून गेला की बहुधा परत येतो. शांतपणे गेला की मला धडकी भरते.

दुपारी आणखी चार जण, तेच सगळं. वाढलेला आकडा प्रत्येकाचा वेगळा होता, कुणाचा अर्धा, कुणाचा दीड किलो, म्हणूनही लक्षात आलं नाही. सगळ्यांचं सारखंच वाढलं असतं तर लहान पोरानेही ओळखलं असतं.

शेवटी आले ते काका. सहा वर्षांपूर्वी त्यांनी १७ किलो घटवले आणि तेव्हापासून तिथेच आहेत. अशी माणसं दुर्मीळ म्हणून अमेरिकेत १९९४ पासून त्यांची एक नोंदवहीच चालवली जाते: निदान १३.६ किलो घटवून वर्षभर टिकवलेल्यांची. त्यातले सुमारे ७५ टक्के लोक आठवड्यातून किमान एकदा वजन करतात. काका तर रोज करतात आणि वहीत मांडतात. दोन हजारांवर नोंदी. ते आमच्या काट्यावर चढले, ७३.०. उतरले, चष्मा पुसला.

“काटा बदललात का?”

“नाही, काका.”

“मग बिघडलाय. मी सकाळी साडेएकाहत्तर होतो.”

मी तोंड उघडलंसुद्धा. जेवण, पाणी, कपडे, संध्याकाळ. त्यांनी हातानेच थांबवलं. “ते सगळं धरून माझा तुमच्याकडे नेहमी शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक पडतो. दीड किलोचा नाही.” एका आकड्याने त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. त्यांच्या मागे दोन हजार आकडे उभे होते.

मी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन वजन केलं: ६२.३. वर येऊन आमच्या काट्यावर: ६३.६. रिसेप्शनवरच्या मुलाला बोलावलं. तो आधीच घाबरलेला. शनिवारी संध्याकाळी काट्याचे सेल बदलताना मागचं बटण जास्त वेळ दाबलं गेलं, पडद्यावर २०.० लुकलुकायला लागलं. काटा वीस किलोचं प्रमाण वजन मागत होता. याने शेजारच्या फिजिओथेरपीच्या खोलीतून २० लिहिलेली लोखंडी प्लेट आणली, ठेवली, काटा गप्प झाला. मुलगा हुशार आहे, हेच वाईट. जरा कमी हुशार असता तर मला विचारलं असतं. ती प्लेट खाली नेऊन तोलली: १९.६. व्यायामाच्या प्लेटा अशाच असतात, ओतीव लोखंडावरचा आकडा आणि खरं वजन यांत फरक राहतो. म्हणजे आमचा काटा १९.६ ला वीस समजत होता, आणि प्रत्येकाच्या अंगावर दोन टक्के चढवत होता. जो जितका जड, त्याला तितका जास्त दंड.

त्या दिवसाचा प्रत्येक आकडा ०.९८ ने गुणत बसले. गुरुजी ८२.१, अर्धा किलो उतरलेले. सॉफ्टवेअरवाला १०३.६, सातशे ग्रॅम उतरलेला. सिस्टर ७६.८.

७६.८. सात आठवडे जो मुक्काम हलत नव्हता, तो त्या पंधरवड्यात हलला होता. अकराशे ग्रॅम. माझ्या टेपने मला ते सांगितलंही होतं.

रात्री सगळ्यांना फोन केले. सॉफ्टवेअरवाला आधी मोठ्याने हसला, मग गंभीर होऊन म्हणाला, “म्हणजे मॅडम, फ्रीजचं सांगितलं नसतं तरी चाललं असतं?” गुरुजींनी दुपारचं आणि रात्रीचं जेवण सोडलं होतं, प्रायश्चित्त म्हणून. रक्तदाबाची गोळी मात्र घेतली होती. त्यांच्या पत्नीने फोन हातात घेऊन मला जे ऐकवलं ते मी निमूट ऐकलं, त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. काकांना फोन करायची गरज नव्हती, त्यांनीच केला: “सापडलं का?”

सिस्टरांनी उचलला नाही. मी मेसेज लिहिला. काटा चुकीचा होता, तुमचं वजन ७६.८ आहे, एकूण १२.६ किलो कमी झालंय, माफ करा. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

यात मुलाचा दोष काढून मोकळं होणं सोपं आहे. दर महिन्याला माहीत असलेलं वजन ठेवून काटा तपासायचा, ही माझी जबाबदारी. आता दर सोमवारी सकाळी मी आधी खाली, मग वर उभी राहणार आहे. पण काटा बिघडण्याचं मला तितकं काही वाटत नाही, यंत्रं बिघडतात. सहा माणसांनी न घडलेल्या वाढीची कारणं दिली आणि मी ती लिहून घेतली, याचं वाटतं. एका मुलाच्या फाइलमध्ये ‘रात्रीचं खाणं’ आहे. त्याने ते खाल्लंही आहे आणि वजन उतरलंही आहे. आता ती ओळ खोडू की ठेवू?

सिस्टरांचं उत्तर बुधवारी पहाटे चार दहाला आलं. पाळीवर असणार.

“वजन कळलं. थँक्यू. टेप दोनदा लावली होतीत. कंबर कुठली धरायची, पहिली की दुसरी?”

आज शुक्रवार. ‘पहिली’ एवढंच टाइप करून तीनदा पुसलंय, कारण पुढचा प्रश्न काय येणार ते मला माहीत आहे.