अँझॅक डेला पहाटे तू कशाला जातेस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण मेलबर्नला येऊन अकरा वर्षं झाली आणि दर एप्रिलमध्ये कोणीतरी विचारतंच, भारतातून सासूबाई, इथले मराठी मित्रमैत्रिणी, एकदा तर टॅक्सीवाल्या पंजाबी काकांनी पण विचारलं, की 25 एप्रिलला, म्हणजे अँझॅक डेला, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, पहाटे अंधारात थंडीत कुडकुडत त्या श्राइनपाशी, इथल्या युद्धस्मारकापाशी, तू कशाला उभी राहतेस, ते त्यांचं युद्ध, त्यांची माणसं, आपला काय संबंध?

पहिल्या वर्षी मला पण तेच वाटलं होतं, ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली चल म्हणून गेले. ज्या लढाईच्या आठवणीत हा दिवस पाळतात त्या गॅलिपोलीबद्दल एवढंच माहीत होतं की 1915 मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर ब्रिटिश-फ्रेंच फौजा आणि त्यांच्यासोबत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची पोरं बोटींमधून उतरली. रशियाकडे जायची सामुद्रधुनी मोकळी करायची होती, 18 मार्चला नुसत्या युद्धनौका घुसवून बघितल्या तर सुरुंगांवर एका दिवसात तीन मोठ्या बोटी बुडाल्या, म्हणून मग माणसं उतरवायची ठरली. आठ महिने ती डोंगरकड्यांना चिकटून लढली आणि शेवटी परत फिरली, हाती काही लागलं नाही. ऑस्ट्रेलियाची 8 हजारांहून जास्त माणसं गेली, तेव्हा अख्ख्या देशाची लोकसंख्या 50 लाखसुद्धा नव्हती. न्यूझीलंडची 2,700 च्या वर. आणि तुर्कांची, जे स्वतःच्याच घरात लढत होते, 86 हजारांच्या आसपास! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा परत परत वाचला.

मग वाचता वाचता कळलं की तिथे आपली माणसं होती. पहिल्याच दिवशी, 25 एप्रिललाच, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची फौज उतरली त्याच किनाऱ्यावर भारतीय माउंटन बॅटरी, म्हणजे डोंगरी तोफखान्याची तुकडी, उतरली होती, तोफा सुट्या करून खेचरांच्या पाठीवर लादून चढावर न्यायच्या, तोफा चालवणारे शीख आणि पंजाबी मुसलमान एकत्र. आणि खेचरवाले! त्यांना फौजेत ड्राबी म्हणायचे. तिथे प्यायला पाणी जवळजवळ नव्हतंच, बोटीतून यायचं, ते पाणी, दारूगोळा, खाणं हे लोक रात्रीच्या अंधारात वर खंदकांपर्यंत पोचवायचे, गोळीबारात. ऑस्ट्रेलियात गाढवावरून जखमी आणणारा सिम्पसन शाळेतल्या पोरापोराला माहीत आहे, तो 19 मे ला मारला गेला, पण तो या भारतीयांच्याच तळावर राहायचा-जेवायचा हे किती जणांना माहीत असेल! 4 जूनला 14 व्या शीख पलटणीतली बहुतेक माणसं एका दिवसात मेली किंवा जखमी झाली. एकूण सुमारे 16 हजार भारतीय तिथे होते असं आता इतिहासकार मांडतात.

शिखांना आणि गुरख्यांना दहन दिलं जायचं, म्हणजे कबर नाही, क्रॉस नाही, जाऊन फूल ठेवायला जागा नाही. गॅलिपोलीच्या टोकाला हेलेस इथे स्मारक आहे, त्याच्या भिंतींवर 20 हजारांहून जास्त नावं आहेत, त्यात ही नावं आहेत, बास. ते वाचून मला खूप रडू आलं, खरंच सांगते.

मी साताऱ्याची. आमच्याकडे अपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे, पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावाचे 46 जवान गेले. ते गॅलिपोलीत नव्हते हं, मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या, तिथल्या कूट गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या, त्यातले कितीतरी नंतर कैदेत उपासमारीनं आणि रोगानं गेले. लहानपणी एसटीतून कितीदा त्या बाजूनं गेले असेन, कधी उतरून कोणाचं नाव विचारलं नाही. हे मला आता टोचतं.

म्हणून जाते. बिगुल वाजतं, मग एक मिनिट हजारो लोक गप्प, लहान बाळं सुद्धा कशी काय गप्प राहतात कोण जाणे, आणि त्या मिनिटात मी त्या खेचरवाल्यांना आठवते. कोटाला रोझमेरीची काडी लावतात, गॅलिपोलीच्या डोंगरांवर ती रानातच उगवते. गेल्या वर्षी माझ्या लेकानं दोन काड्या घेतल्या, म्हणाला एक आपल्या लोकांची.

पुढच्या वर्षी येणार असाल तर सांगा, आम्ही चार वाजता निघतो, थर्मासात चहा असतो.