तडा मोजण्याआधी डिझाइन वाचता यावे लागते

ठाण्यात आणि नवी मुंबईत सध्या स्ट्रक्चरल ऑडिटचे अहवाल मोठ्या संख्येने तयार होत आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265 अ नुसार 30 वर्षांहून जुन्या इमारतींची स्थैर्य तपासणी करून घ्यावी लागते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 सालची आहे हे लक्षात घेतले, तर वाशी आणि नेरूळ येथील कितीतरी वसाहतींनी ही वयोमर्यादा केव्हाच ओलांडली आहे. ठाण्यातल्या नौपाडा, चरई, कोपरी येथे तर त्याहूनही जुन्या इमारती आहेत. या कामात नव्याने आलेल्या अभियंत्यांचे अहवाल माझ्याकडे वाचायला येतात. त्यांतील छायाचित्रे स्पष्ट असतात आणि उपकरणांचे आकडे नीट मांडलेले असतात. परंतु ही इमारत कोणत्या मानकानुसार बांधली गेली, आणि तिच्या प्रत्येक भागाने वजन कसे पेलावे अशी डिझाइन करणाऱ्याची अपेक्षा होती, याचा पत्ता त्यांत क्वचितच लागतो. माझ्या मते इमारत सर्वेक्षकाचे खरे शिक्षण इथून सुरू होते.

सळईवरच्या काँक्रीटच्या आवरणाचेच, म्हणजे कव्हरचेच, उदाहरण पाहू. आर.सी.सी. म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या कामासाठीचे भारतीय मानक आय.एस. 456 हे 1953 मध्ये आले आणि 1957, 1964, 1978 व 2000 मध्ये त्यात सुधारणा झाल्या. 1978 च्या आवृत्तीत स्लॅबला 15, बीमला 25 आणि कॉलमला 40 मिलिमीटर कव्हर होते, आणि बीम-कॉलमचे आकडे मुख्य उभ्या-आडव्या सळईपर्यंतचे होते. 2000 च्या आवृत्तीत कव्हर रिंगांसह (मुख्य सळयांभोवती बांधलेल्या बारीक सळयांसह) सर्व सळयांवर मोजायचे ठरले आणि ते परिसराच्या तीव्रतेशी जोडले गेले: मध्यम तीव्रतेसाठी 30, तीव्र परिसरासाठी 45 मिलिमीटर. समुद्रकिनाऱ्याच्या उघड्या हवेतले काँक्रीट याच तीव्र गटात येते आणि तिथे किमान एम 30 प्रतीचे, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 30 न्यूटन दाब सोसणारे, काँक्रीट अपेक्षित आहे. 1978 च्या मानकानुसार मात्र आर.सी.सी.साठी एम 15 देखील चालत असे. आता 1985 सालचा एखादा बीम घ्या. मुख्य सळईवर 25 मिलिमीटर कव्हर आणि बाहेरून 8 मिलिमीटरची रिंग, म्हणजे रिंगेवर राहिले अवघे 17 मिलिमीटर, तेही बांधकाम नकाशाप्रमाणे तंतोतंत झाले असेल तर. त्यामुळे या काळातल्या इमारतींत बीमच्या तळाशी ठरावीक अंतरावर गंजाचे आडवे पट्टे दिसतात, तेव्हा तो निव्वळ ठेकेदाराचा निष्काळजीपणा नसतो; त्या काळच्या नियमातच रिंगेला संरक्षण कमी होते. काँक्रीट न फोडता कव्हर मोजणाऱ्या कव्हर मीटरने मिळालेला आकडा आजच्या तक्त्याशी ताडून ‘निकृष्ट बांधकाम’ असा शेरा मारणे म्हणूनच अन्यायाचे आहे, आणि पुढच्या दुरुस्तीच्या दृष्टीने निरुपयोगीही आहे.

कव्हरच्या या फरकाचा काळाशी असलेला संबंध समजून घेण्यासारखा आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून त्याची अल्कधर्मीयता कमी करतो आणि सळईवरचा संरक्षक थर नाहीसा होतो. या कार्बोनेशनची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ असा की कव्हर निम्मे झाले तर गंज सुरू होईपर्यंतचा अवधी निम्मा होत नाही, चौथाई होतो. अल्कधर्मी काँक्रीटला गुलाबी करणारे फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर शिंपडल्यावर गुलाबी न होणारा पट्टा किती खोल आहे, हे इमारतीच्या वयासोबत आणि कव्हरसोबत मांडले, की कोणत्या सळया गंजल्या असतील आणि कोणत्या अजून सुरक्षित असतील याचा बराच अंदाज बांधता येतो. खाडीकाठच्या इमारतींत क्लोराइडचा प्रश्न वेगळा असतो, कारण ते अल्कधर्मी काँक्रीटमध्येही सळई पोखरू शकते. तिथे गुलाबी रंग पाहून निश्चिंत होता येत नाही, काँक्रीटची भुकटी काढून क्लोराइडचे प्रमाण तपासावेच लागते.

पृष्ठभागावर आपटून उसळीवरून काँक्रीटची ताकद सांगणाऱ्या रिबाउंड हॅमरबद्दल थोडेच लिहितो. आय.एस. 13311 च्या 1992 सालच्या दुसऱ्या भागातच या पद्धतीने काढलेल्या ताकदीची अचूकता अधिक-उणे 25 टक्के मानली होती, आणि कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग कठीण झाल्यामुळे आकडा प्रत्यक्षाहून बराच जास्त येऊ शकतो. चाळीस वर्षांच्या कॉलमवर एम 35 दाखवणारा हॅमर पाहून समाधान मानणाऱ्याला त्या काळी काँक्रीट बहुधा सिमेंट, वाळू, खडी 1:2:4 या प्रमाणाने पाटीने मोजून, म्हणजे साधारण एम 15 प्रतीचे, बनवले जात असे, एवढे जरी ठाऊक असले तरी तो कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांडीसारखा नमुना, काढून तपासल्याशिवाय अहवालावर सही करणार नाही.

डिझाइनच्या ज्ञानाची सर्वांत कठोर परीक्षा बाल्कनी आणि छज्जा येथे होते. साध्या स्लॅबमध्ये ताण तळाशी येतो, म्हणून मुख्य सळई तळाशी असते. एका टोकाला धरलेल्या छज्जात ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर असावी लागते. काँक्रीट ओतताना कामगारांचे पाय पडून ती खाली दबली, तर 75 मिलिमीटर जाडीच्या छज्जाची परिणामकारक खोली, म्हणजे दाबाच्या कडेपासून सळईपर्यंतचे अंतर, सुमारे 55 वरून 30 मिलिमीटरवर येते आणि त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. बाहेरून काहीच दिसत नाही. धोक्याची पहिली खूण म्हणजे भिंतीला लागून वरच्या पृष्ठभागावर पडलेली तडा, आणि ती बहुतेकदा कुंड्या, पत्रे किंवा वॉटरप्रूफिंगच्या थराखाली झाकलेली असते. पाहणी मात्र खालून, दुर्बिणीने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने केली जाते. ठाण्यातल्या एका सोसायटीत बाल्कन्यांच्या तळाला नव्या सळया बांधून त्यांवर पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेले सिमेंटचे दुरुस्तीचे मिश्रण) चढवलेले मी पाहिले. काम नीटनेटके होते, पण त्या सळया दाब येणाऱ्या बाजूला बसल्या होत्या. बाल्कनीची वाकण्याविरुद्धची ताकद त्यांनी फारशी वाढली नाही, तिचे वजन तेवढे वाढले.

वजनाचा हा हिशेब प्रत्येक पाहणीत करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आय.एस. 875 च्या 1987 सालच्या दुसऱ्या भागात निवासी इमारतीच्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला 3 किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे 100 किलोचे वजन) भार, आणि बाहेरच्या कडेवर दर मीटर लांबीला 1.5 किलोन्यूटन भार धरलेला आहे. आपल्याकडे रेलिंग काढून त्या जागी भिंत बांधतात आणि वर खिडकी बसवून बाल्कनी खोलीत घेतात. अर्ध्या विटेची, एक मीटर उंचीची भिंत दर मीटर लांबीला सुमारे 2.3 किलोन्यूटन भरते, गिलावा आणि खिडकी वेगळीच. आणि हा भार कायमचा, तोही सर्वांत अडचणीच्या टोकावर. गच्चीचेही तसेच आहे. वापरातल्या गच्चीसाठी धरलेला चल भार, म्हणजे माणसे-सामान यांचा भार, दर चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन असतो, तर 100 मिलिमीटर जाडीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा सुमारे 2 किलोन्यूटन वजनाचा असतो. गळती थांबत नाही म्हणून जुना कोबा न काढता त्यावर दुसरा घातला जातो, तेव्हा स्लॅबला पेलण्यासाठी दिलेली सगळी राखीव क्षमता त्या एका निर्णयात संपून जाते. अहवालात ‘गच्चीचे वॉटरप्रूफिंग नव्याने करावे’ एवढेच वाक्य लिहिणारा सर्वेक्षक या चुकीला नकळत संमती देतो. ‘जुना कोबा स्लॅबपर्यंत पूर्ण काढून’ हे शब्द त्यात असलेच पाहिजेत.

दुरुस्तीचे स्पेसिफिकेशन लिहिताना हीच काटेकोर दृष्टी लागते. ‘मान्यताप्राप्त कंपनीचे पॉलिमर मॉर्टर, 25 मिलिमीटर, सर्व कामासह’ अशी नोंद निविदेत असली की ठेकेदार गंजलेल्या सळईच्या पुढचे काँक्रीट फोडतो, मागचे तसेच ठेवतो आणि त्यावर मॉर्टर लिंपतो. सळईच्या मागे निदान 20 ते 25 मिलिमीटर मोकळे करावे, गंज वायर ब्रशने किंवा सँडब्लास्टिंगने काढावा, गंजून बारीक झालेल्या सळईचा व्यास मोजून गरज असेल तिथे पुरेशा ओव्हरलॅपसह नवी सळई जोडावी, जुने-नवे जोडणारा बाँडिंग कोट चिकट असतानाच मॉर्टर भरावे, मॉर्टर थरांथरांनी चढवावे, आणि जाडी मोठी असेल तर मॉर्टरऐवजी साचा बांधून मायक्रो काँक्रीट (बारीक खडीचे, सहज वाहणारे काँक्रीट) ओतावे, हे सारे शब्दांत लिहिलेले असेल तरच साइटवर ते मागता येते. पॉलिमर मॉर्टरचे क्युअरिंगसुद्धा साध्या सिमेंटच्या कामाहून वेगळे असते: सुरुवातीला ओलावा आणि नंतर उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे हवेत सुकू देणे. आठवडाभर पाणी मारत राहण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही.

निविदांतून सर्वांत जास्त वेळा गळणारी बाब म्हणजे टेकू. कॉलमचे काँक्रीट फोडायला घेतले की त्याचे क्षेत्रफळ त्या क्षणापासून कमी होते आणि वरच्या मजल्यांचा भार मात्र तेवढाच राहतो. म्हणून किती प्रॉप, कोणत्या क्षमतेचे, कोणत्या बीमखाली, आणि ते थेट जमिनीपर्यंत प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक कसे उतरवायचे, हे नकाशावर दाखवून त्याचा दर स्वतंत्र बाब म्हणून मागवावा. तसे केले नाही, तर ठेकेदार दोन मजल्यांवर बांबू लावून कामाला सुरुवात करतो आणि त्याला अडवण्यासाठी सर्वेक्षकाच्या हातात कराराचा एकही शब्द नसतो.