आज दिवसभर बागेत

आज सुट्टी होती म्हणून सकाळीच निघाले आणि एकापाठोपाठ एक तीन बागा पायी फिरले. गेटमधून आत शिरल्यावर पंधरा-वीस पावलांतच हवा बदलते, हे अगदी अंगाला जाणवतं. फक्त सावलीमुळे नाही हं, झाडं पानांतून पाणी वाफेच्या रूपात सोडतात ना, त्यात आजूबाजूची उष्णता खेचली जाते, म्हणून मोठ्या झाडाखाली खरंच गार वाटतं.

एका बाकावर आजोबा डोळे मिटून बसले होते, शेजारी कॉलेजची मुलं अभ्यास करत होती, कुणी कुणाला उठवत नव्हतं. मला बागांचं हेच फार आवडतं, इथे बसायला काही विकत घ्यावं लागत नाही. इंग्लंडमधलं बर्कनहेड पार्क 1847 मध्ये सार्वजनिक पैशातून सगळ्यांसाठी उघडलं, ते बघून अमेरिकेचे उद्यानरचनाकार ओल्मस्टेड भारावले आणि पुढे त्यांनी वास्तुविशारद व्हॉक्ससोबत न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखलं.

तिसऱ्या बागेत मात्र झाडांच्या बुंध्याला चिकटून सिमेंट घातलंय, मुळांना पाणी आणि हवा कशी मिळणार? फार वाईट वाटलं. फोटो काढलेत, उद्या तक्रार टाकतेय.