नमुन्याच्या चिठ्ठीवर नसलेले नाव

आजचा दिवस हर्बेरियममधील (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातील) जुने नमुने पाहण्यात गेला. जाड कागदावर बारीक पट्ट्यांनी बसवलेली फांदी, गळून पडलेल्या बियांसाठी चिकटवलेली पुडी आणि खाली चिठ्ठीवर संग्राहकाचे नाव. ते नाव पूर्ण हकीकत सांगतेच असे नाही. १७६७ मध्ये रिओ दी जानेरो येथे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमरसाँ यांच्या नावावर बोगनवेल जमा झाली, तेव्हा त्यांच्यासोबत पुरुषवेशात वावरणारी झान बारे ही मदतनीस होती आणि पायाच्या दुखण्याने कॉमरसाँ जेरीस आलेले असल्यामुळे बरीच पायपीट तिनेच केली असावी. वेलीला मात्र ते दोघे ज्या सागरी मोहिमेवर होते तिच्या प्रमुखाचे, बुगँव्हिल यांचे नाव मिळाले (दर्यावर्दी तो, वनस्पतिशास्त्रज्ञही नव्हे!). बारेच्या नावाने सोलॅनम या (वांगी-बटाट्याच्या) प्रजातीतील एक जाती ओळखली जाऊ लागली ती थेट २०१२ मध्ये.