बाबा, रायसीना आणि आपल्या नागपूरचे घुमट

मागच्या महिन्यात बाबांना घेऊन दिल्लीला गेले होते, राष्ट्रपती भवन बघायचं त्यांच्या मनात कित्येक वर्षांपासून होतं. बाबांची नोकरी म्हणजे नागपूरच्या सिव्हिल लाईन्समध्ये वकिलांकडे मुन्शी, सगळी हयात हायकोर्टाच्या आवारात फाईली सांभाळण्यात गेली.

बुकिंग दुसऱ्या दिवशीचं होतं म्हणून संध्याकाळी नुसतंच इंडिया गेटकडून विजय चौकापर्यंत चालत गेलो, आणि एक गोष्ट मी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. लांबून राष्ट्रपती भवनाचा घुमट छान दिसतो, पण जसजसं जवळ जावं तसतसा तो रायसीना टेकडीच्या चढामागे बुडत जातो, आणि विजय चौकात पोचलो तर वरचा टोपीएवढा भागच उरला. हे तेव्हा व्हाईसरॉयचं घर, आणि त्याचा आर्किटेक्ट एडविन लटयन्सला ते टेकडीवर एकटंच, सगळीकडून दिसणारं हवं होतं, पण त्याचा जोडीदार आर्किटेक्ट हर्बर्ट बेकरच्या दोन सचिवालयांनाही त्याच उंचीवर जागा द्यायची ठरली, त्यामुळे घर मागे सरकलं आणि रस्त्याचा चढ आड आला. लटयन्सच्या लक्षात हे आलं तोवर उशीर झाला होता, खूप भांडला पण चढ काही बदलला नाही, आणि दोघांची जुनी मैत्री त्यापायी तुटली. मला त्याच्यासाठी खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आत, अगदी समोर उभं राहिल्यावर बाबा म्हणाले, "अगं, हे तर आपल्या हायकोर्टासारखं दिसते नं!" मला वाटलं घुमट दिसला की त्यांना हायकोर्टच आठवणार, पण रात्री वाचत बसले तर बाबा बरोबर होते. आपल्या हायकोर्टाचा आर्किटेक्ट हेन्री मेड, तो आधी नवी दिल्लीच्या बांधकामावरच लटयन्स आणि बेकरच्या हाताखाली होता, तिथलं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शनही त्याचंच. 1931 मध्ये व्हाईसरॉय आयर्विन त्या 340 खोल्यांच्या घरात राहायला गेले, 1937 मध्ये आपल्या हायकोर्टाची कोनशिला बसली, आणि 1940 मध्ये उद्घाटनाला व्हाईसरॉय लिनलिथगो आले, म्हणजे त्याच घरातून.

आणि मग न्यायमूर्ती हिदायतुल्ला साहेब. मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, नागपूरलाच वकिली, 1954 मध्ये नागपूर हायकोर्टाचे चीफ जस्टिस. 1969 च्या मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन गेले, उपराष्ट्रपती गिरींनी काही दिवस काम पाहिलं पण निवडणूक लढवायला जुलैत राजीनामा दिला, तेव्हा देशाचे सरन्यायाधीश असलेले हिदायतुल्ला महिनाभर कार्यवाहक राष्ट्रपती झाले, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन भारतात आले तेही त्याच दिवसांत. मेडच्या घुमटाखालून निघालेला माणूस लटयन्सच्या घुमटाखाली! बाबांना सांगितलं तर ते उठूनच बसले, "आपल्या कोर्टातले?" दोनदा विचारलं.

राष्ट्रपती भवनात गेल्यावर घुमटाच्या खालचं कठडं मात्र नीट बघा. ते सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरून घेतलंय. व्हाईसरॉयच्या घरावर बौद्ध स्तूप, आणि आपल्या दीक्षाभूमीचा घुमटही सांचीचीच आठवण ठेवून बांधलेला, त्याचं लोकार्पण 18 डिसेंबर 2001 ला करायला राष्ट्रपती के. आर. नारायणन आले होते, दलित समाजातून राष्ट्रपती झालेले पहिले. एका सांचीतून निघालेले दोन घुमट, आणि त्या दिवशी एकातला माणूस दुसऱ्याच्या दारात. मला ही गोष्ट सगळ्यात जवळची वाटते, बाकी संगमरवर आणि झुंबरं सगळे दाखवतातच.

परतीच्या गाडीत भोपाळ यायच्या आधी बाबा खिडकीला चिकटून बसले. सांची दिसते का ते बघायचं होतं, पण अंधार होता. आता दिवाळीनंतर तिथेच जायचं ठरलंय, त्यांनी आजपासूनच तिकिटाचं विचारायला सुरुवात केली आहे.