किती किलो प्रेशर येतंय तेवढंच सांगा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका मालकांचं काम आलं होतं. पुराच्या वेळी पुलावरून नदीत टाकायचा फायबरचा डबा, आत सेन्सर, आणि तळ एकदम सपाट कारण सपाट मोल्ड स्वस्त पडतो. पाच मीटरवरून टाकला की तळ तडकत होता. मला म्हणाले, "कॉम्प्युटरवर बघा की किती किलो प्रेशर येतंय, तेवढा एक आकडा द्या, टेंडरला लावायचाय."

आता हा एक आकडाच तर मिळत नाही ना. पाच मीटरवरून पडणारी वस्तू पाण्याला लागते तेव्हा वेग साधारण ९.९ मीटर प्रति सेकंद. तळाला व्ही आकार असेल तर हाताने गणित होतं, पाण्यावर आपटणाऱ्या तळाच्या दाबाचं वॅग्नरचं १९३२ चं सूत्र आहे, त्याने व्हीची बाजू पाण्याशी ३० अंशात असेल तर दर चौरस सेंटिमीटरला जास्तीत जास्त पावणेचार किलोच्या आसपास, १० अंशाला जवळपास ४०. तळ सपाट केला की सूत्र अनंतात जातं. (या विषयातला फॉन कारमानचा पहिला पेपर १९२९ चा, आपला सांगलीचा आयर्विन पूलही त्याच साली सुरू झाला, उगीच आठवलं.)

म्हणून ओपनफोमवर, म्हणजे पाण्या-हवेचा प्रवाह कॉम्प्युटरवर सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरवर घेतलं. वस्तू हलवत बसलं तर मेश (गणितासाठी पाण्या-हवेचे पाडलेले बारीक तुकड्यांचं जाळं) फाटतो, म्हणून डबा जागेवर ठेवून पाणीच त्या वेगाने वर आणायचं, पहिल्या काही मिलिसेकंदांत वेग फारसा बदलत नाही त्यामुळे चालतं. आधी नेहमीचा सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) लावला, ज्यात हवा दबतच नाही. मेश बारीक केला की पीक, म्हणजे सगळ्यात जास्त दाब, वाढला, टाईमस्टेप (गणितातलं वेळेचं एकेक पाऊल) कमी केला की अजून वाढला. याला आकडा म्हणायचं की अंदाजपंचे? मग हवा दबू शकते असा सॉल्व्हर घेतला आणि डब्याच्या खाली हवेची चकती अडकलेली स्पष्ट दिसली, कडेनं निसटायला धडपडतेय आणि पाण्याचा पृष्ठभाग तिच्या दाबानं खाली वाकलाय. पीक तरी मेशप्रमाणे थोडं हलतच होतं, पण दाब गुणिले वेळ, म्हणजे एकूण धक्का, तो मात्र पक्का बसला. दाब इतका क्षणिक असला की मोडायचं काम मुख्यतः हाच धक्का करतो. मालकांना हे सांगितलं तर म्हणाले, "एवढी फी घेता आणि आकडा नाही?"

टेस्टला तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराचं शेततळं मिळालं, तिथं हायड्रा क्रेन लावून डबा सोडला. आवाज असा आला की मजूर दोन पावलं मागे सरले. तळाच्या मधोमध काहीच नाही, तडा गेला तो तळ आणि भिंत जुळते त्या कोपऱ्यात. सिम्युलेशनमधे दाब मधे जास्त होता, त्यामुळे मालक लगेच हसले. पण कडेनं जखडलेली पातळ प्लेट दाबली की वाकवण्याचा ताण कडेलाच जास्त येतो, यात कॉम्प्युटर चुकला नव्हता. मोल्डवाल्या मिस्त्रींनी काही न विचारता कोपऱ्याला गोलाई दिली, फायबरच्या मॅटचे जादा थर मारले. दुसऱ्यांदा सोडला तर डबा वाचला. आमच्या सगळ्या टीममधे तोच माणूस खरा इंजिनिअर निघाला.

मालकांच्या दृष्टीने विषय संपला, माझ्या डोक्यातून जात नाहीये. हायड्राच्या हुकवरून डबा अगदी सरळ पडला म्हणून खाली हवेची गादी बनली, तीच त्याला वाचवते. पुलावर वारा, झोके, पोरांचा हात, डबा तीन-चार अंश तरी कलणारच, आणि तेवढा कललेला तळ हवेला बाहेर जाऊ देतो, मग पीक सरळ पडण्यापेक्षाही जास्त होऊ शकतं. मालकांना म्हणालो कलता टाकून एकदा बघू. ते म्हणाले हायड्राचं भाडं तुम्ही देणार का?

नाही दिलं. चार अंशाची केस रात्री लावून ठेवतो, टाईमस्टेप मायक्रोसेकंदात जातो आणि मधेच लाईट गेली की सेव्ह झालेल्या शेवटच्या टाईमपासून परत सुरू. आकडा आला की मालकांना पाठवणार, मागितला नसला तरी.