तुम्ही विचारलंत म्हणून : मायचा वाल

"छाती न फाडता वाल बदलवते म्हन्ते, मंग सगळ्याइचाच काऊन नाही बदलवत?" आर्वीच्या बाजारात, एसटीत, कुठंही कुणी हे विचारतं. माझ्या मायचा तसा बदलला, म्हणून.

माय 79 वर्षांची. वाल म्हणजे हृदयाची झडप. तिची महाधमनीची, म्हणजे हृदयातून अंगभर रक्त नेणाऱ्या मोठ्या नळीच्या तोंडाची, झडप कॅल्शियम साचून आवळलेली, तोंड एक चौरस सेंटिमीटरहूनही कमी. विहिरीवरून अंगणात येईस्तोवर दोनदा बसायची. त्यात किडनी अधू, आधी एकदा लकवा मारून गेलेला.

मला वाटलं होतं, काय ते मशीन ठरवेल. नागपूरच्या डॉक्टरांनी तिला आधी चालवलं. फरशीवर पाच मीटरवर खूण, हातात स्टॉपवॉच. सहा सेकंदांच्या वर गेलं की माणूस खंगलेला धरतात. मायला नऊ लागले, लुगड्याचा काठ सावरत. मग विचारलं, आंघोळ स्वतः करते? खाटेवरून स्वतः उठते? थकवा झडपेचा किती आणि वयाचा किती, हे त्यांना हवं होतं. वयाचाच असेल तर नवी झडप घालून काय उपयोग?

2002 मध्ये फ्रान्समधल्या रूआं शहरात आलँ क्रिबिए यांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून अशी झडप पहिल्यांदा बसवली. यालाच टावी म्हणतात. 2010 च्या पार्टनर नावाच्या चाचणीत छाती उघडून ऑपरेशन झेपणारच नाही असे रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांवर वर्षात निम्मे गेले, टावीवर साधारण 30 टक्के. झडप बदलूनही गेलेल्या त्या तिसावरच डॉक्टर बोट ठेवत होते. ऑपरेशन धोक्याचं पण शक्य, अशांमध्ये ऑपरेशन आणि टावी यांत वर्षअखेर मृत्यूत फारसा फरक नव्हता. लकवा मात्र टावीत जास्त. मायला एकदा होऊन गेलेला, म्हणून ही ओळ मी दोनदा वाचायला लावली.

शेवटी टावीच ठरली. एक एकर गेलं. तिसऱ्या दिवशी ठोके मंदावले, पेसमेकरही लागला. तो या झडपेचा नेहमीचा त्रास, हे आधी सांगितलेलं होतं, तरी पाय गळाले.

सगळ्यांना का नाही? आपल्याकडे पोरासोरांची झडप बिघडते ती बहुतेकदा संधिवाताच्या तापाने, आणि ती मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली. टावी महाधमनीच्या झडपेची. शिवाय टावीची झडप जनावराच्या ऊतीची, ती झिजते. चाळिशीतल्या माणसाला पुढं लई वर्षं काढायची असतात.

झडप गाईच्या हृदयाच्या आवरणाची आहे, हे मायला सांगायला मी पोळ्यापर्यंत कचरलो. ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली.

"गावरान होती का जर्सी?"